बी.एस्सी.आधी गळणारे मुलगे, एम.एस्सी.नंतर थांबणाऱ्या मुली

प्रश्न विचारणारे सर राधानगरी तालुक्याकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: बी.एस्सी.च्या वर्गात मुलगे जेमतेम दहा-बारा उरलेत, त्यातले दोन-तीन फक्त परीक्षेला उगवतात, बाकी सगळ्या मुली. मग 'विज्ञानात मुली कमी' हे पालुपद अजून का चालू आहे? हा असमतोल म्हणायचा का, म्हणायचा तर कुणाच्या बाजूचा, आणि शिक्षकानं वर्गात नेमकं काय करायचं?

सर, मी कोल्हापुरात फिजिक्स शिकवण्यातच नोकरी काढली, त्यामुळे तुमचा वर्ग मला न बघताही दिसतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते पालुपदही खरं आहे. तुम्ही वर्ग मधल्या एका क्षणी मोजताय. मुलगे त्याआधीच निघून गेलेत आणि मुली त्यानंतर थांबणार आहेत. हजेरीपटावर यातलं काहीच दिसत नाही.

देशाचे आकडे तुमच्या वर्गासारखेच आहेत. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात 2021-22 साली विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत मिळून 57.2 लाख विद्यार्थी होते; त्यात मुली 29.8 लाख आणि मुलगे 27.4 लाख. त्याच काळात इंजिनिअरिंगच्या पदवीला मुली तीस टक्क्यांच्या आतच होत्या. पीएच.डी.ला नोंदणी केलेल्या 2.13 लाखांत बायका 99 हजारांच्या घरात, म्हणजे जवळजवळ निम्म्या. पण प्रयोगशाळांत आणि संशोधन संस्थांत प्रत्यक्ष संशोधनाच्या पदावर बघायला जा, तिथं पाचात एकही बाई धड भरत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला यात आणखी एक गोष्ट खटकायला हवी. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे फक्त 839 मुली होत्या. राजर्षी शाहूंनी 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला तो हाच मुलूख, आणि आकडा हा. 2011 ला तो थोडा सुधारला, इतकंच. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या वर्गांत जी पिढी बसून गेली ती या आकड्यातली. गावात मुली कमी आणि विज्ञानाच्या वर्गात मुली जास्त, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात, त्याच मुलांच्या बाबतीत घडलं. तेव्हा वर्ग मुलींनी भरला म्हणजे मुलींचे दिवस आले, असं समजायची घाई नको.

आधी मुलग्यांचं बघू, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठं गेले याचं उत्तर तुम्ही विचारलंच नाहीये.

दहावीला बरे मार्क पडलेला मुलगा डिप्लोमाला जातो. तीन वर्षांनी हातात काहीतरी येतं आणि थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगची वाट उघडी राहते. बारावीनंतर सीईटीत बरं झालं की बाप कर्ज काढून, प्रसंगी एखादा गुंठा विकून इंजिनिअरिंगला घालतो. तिथून उरलेले बी.सी.एस., बी.सी.ए. करतात. त्यानंतर जो राहतो तो तुमच्याकडे येतो, आणि त्यातल्या अनेकांचं लक्ष भरतीकडं असतं. अग्निवीरला साडेसतरापासून एकविशीच्या आसपास अशी वयाची चौकट आहे, नेमकी बी.एस्सी.ची तीन वर्षं. पोलीस भरतीला बारावी पुरते. म्हणजे पहाटे मैदानावर धावणं, दुपारी अॅकॅडमी आणि नावाला कॉलेज. मागच्या बाकावरचा पोरगा आळशी आहे असं समजून त्याला झापू नका. तो पहाटे चारला उठलेला असतो, आणि लेन्सचं सूत्र त्याला धावण्यात अर्धा सेकंदसुद्धा कमी करून देणार नसतं.

राहिलेल्यांना गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलची एम.आय.डी.सी. बोलावते. फाउंड्रीत, मशिन शॉपमध्ये सीएनसी यंत्रावर उभं राहिलं की महिन्याला पगार. दुसऱ्या वर्षाच्या पोराला घरचे सरळ विचारतात, "ही डिग्री झाल्यावर काय मिळणार?" याचं खणखणीत उत्तर आपल्याकडं नाही, हे मान्य करून टाकावं. शाळेत शिक्षक व्हायचं तर बी.एड., टीईटी आणि पुढं अनंत वाट. कॉलेजात शिकवायचं तर नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि मग तासिका तत्त्व. त्याची मजा तुम्ही रोज अनुभवताच.

इथं माझं एक स्पष्ट मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. एखाद्या शाखेतून मुलगे उठायला लागले की समजावं, त्या शाखेचा भाव बाजारात आधीच उतरलाय. डी.एड.चं आपण डोळ्यांदेखत बघितलं. बी.एस्सी.चं तेच होतंय. घरातला पैसा आधी मुलाच्या इंजिनिअरिंगला लागतो. मुलीला अनुदानित कॉलेजची बी.एस्सी. देतात, कारण फी कमी, कॉलेज एसटीच्या अंतरावर, संध्याकाळी पोरगी घरात. तिची आवड कुणी विचारलेली नसते. शंभरातल्या कितीतरी मुलींना इंजिनिअरिंगच करायचं होतं, हे त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला सहज बोलताना सांगतात.

हे आता हलायला लागलंय. 2024-25 पासून राज्यानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. जी मुलगी काल फीमुळे बी.एस्सी.ला येत होती ती आज इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरते. चांगलंच आहे. आपला वर्ग मात्र आणखी रिकामा होईल, आणि तेव्हा मुली-मुलग्यांची टक्केवारी काढत बसण्यात अर्थ राहणार नाही.

आता मुली. त्या वर्गात आहेत, पहिल्या बाकावर आहेत, जर्नल सुबक आहे, निकालात वर आहेत. अडचण कुठं येते ती प्रॅक्टिकलला बघा. प्रिझममधून प्रकाश किती वळतो ते मोजायचा स्पेक्ट्रोमीटरचा प्रयोग घ्या. चार जणांची बॅच, तीन मुली आणि एक मुलगा. सोडियम लॅम्प तापून पिवळा व्हायला वेळ लागतो, तोवर गप्पा. मग तो मुलगा, दांडी मारणारा असला तरी, सहज पुढं होऊन टेलिस्कोपला डोळा लावतो. प्रिझम टेबल फिरवणं, स्लिटची, म्हणजे प्रकाश येतो त्या फटीची, प्रतिमा कुठं थांबते आणि उलटी फिरायला लागते ती जागा पकडणं, स्क्रू आवळणं, सगळं तो करतो. एक मुलगी व्हर्निअरच्या पट्टीवरचं माप वाचते, दुसरी ऑब्झर्वेशन टेबल भरते, तिसरी गणित करते. प्रिझमच्या काचेचा वक्रीभवनांक दीडच्या पुढं अगदी झकास येतो. सगळे खूश, तुम्ही सही करता. परीक्षेला तोच प्रयोग एकटीला येतो आणि सगळ्यात सुबक जर्नलवाली मुलगी स्लिट शोधत अर्धा तास काढते. तिनं वर्षभर टेलिस्कोपमधून बघितलेलंच नसतं. एक्स्टर्नल म्हणतो, मुली पाठांतर करतात हो. पाठांतराचा काय संबंध? तिच्या हातात उपकरण आलंच नाही.

यात कुणाचा कट नसतो. मुलग्यानं घरात पंप उघडलाय, मोटारसायकलचा प्लग काढलाय, त्याला स्क्रूची भीती नाही. मुलीला लहानपणापासून ऐकवलंय, मोडलं तर? म्हणून बॅचमध्ये कामं वाटून देऊ नका, रीडिंग वाटून द्या. पहिलं रीडिंग एकीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यायचं; मग प्रिझम हलवून सेटिंग मुद्दाम बिघडवायचं आणि दुसरीनं पुन्हा बसवायचं. वेळ लागतो. वर्षाचे दोन प्रयोग कमी होतील, होऊ द्या. उपकरण मोडलं तर वहीत नोंद करून गप्प बसायचं, सगळ्यांसमोर बोलायचं नाही. एका मुलीला एकदा बोललात की पुढचं वर्षभर सगळी बॅच हात मागे बांधून उभी राहते.

बॅच पाडताना एकच नियम मी पाळत आले: चार जणांत एकटी मुलगी नको आणि एकटा मुलगाही नको. एकटी मुलगी लिहीत बसते. एकटा मुलगा एक तर सगळं बळकावतो, नाही तर दाराशी जाऊन मोबाईल काढतो. तुमच्याकडं दहा-बाराच मुलगे, म्हणजे काही बॅच निव्वळ मुलींच्या होतील. त्या बॅचचं काम बघा, तुमच्या बऱ्याच शंका तिथंच फिटतील. सर्किट जोडणं, सोल्डरिंग, अगदी लॅम्पचा चोक बदलणंसुद्धा त्याच मुली करतात. फक्त सगळ्या मुलींच्या बॅच आणि सगळ्या मुलग्यांच्या बॅच अशी कायमची फाळणी करू नका. उद्या एम.एस्सी.च्या लॅबमध्ये किंवा कंपनीत त्यांना एकाच टेबलावर काम करायचंय.

आपण शिक्षकही कमी नसतो. फेब्रुवारीत 11 तारखेला विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिन, 28 ला राष्ट्रीय विज्ञान दिन. दोन्ही कार्यक्रमांना मुली रांगोळी काढतात, ईशस्तवन म्हणतात, पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतात. प्रोजेक्टर लावतो तो मुलगा, माईकची वायर जोडतो तो मुलगा. स्टेजवरून पाहुणे कमला सोहोनींची गोष्ट सांगतात, की 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला आणि मग एका वर्षाच्या चाचणीच्या अटीवर घेतलं. टाळ्या पडतात. खाली वायर मात्र मुलगाच गुंडाळत असतो. पुढच्या फेब्रुवारीत कामं उलटी वाटून बघा. मुलगे रांगोळी वाईट काढत नाहीत.

वेळापत्रकाबद्दल थोडं. प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि शेवटची सोयीची एसटी पावणेपाचला जाते, तेव्हा मुलगी शेवटचा अर्धा तास घड्याळाकडे बघत काढते. मुलगा कुणाच्यातरी गाडीवर डबलसीट जातो. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट झालं, विद्यार्थ्यांचा पास सवलतीचा आहेच; पण सवलत असून गाडीच नसली तर? प्राचार्यांच्या सहीचं पत्र, मुलींची गाववार यादी आणि सुटायची वेळ एवढं घेऊन आगार व्यवस्थापकांना समक्ष भेटा. दहा-पंधरा मिनिटांचा फेरफार पुष्कळदा होऊन जातो. नुसता मेल करून काही होत नाही. आणि लॅबच्या मजल्यावर मुलींसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का ते बघा. चार तासांच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणाऱ्या मुली तुमच्या वर्गात आहेत. त्या तुम्हाला हे सांगणार नाहीत. एखाद्या मॅडमना विचारायला लावा.

एम.एस्सी.ला शिवाजी विद्यापीठात आल्यावर खरा पेच सुरू होतो. सागरमाळावरच्या त्या मोठ्या आवारात विभागांत मुलींची संख्या चांगली असते, केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बॉटनीत तर विचारूच नका. एम.एस्सी. वनची परीक्षा झाली की स्थळं यायला लागतात. बायोडाटावर 'एम.एस्सी. अपिअर्ड' लिहिलेलं असतं. गावाकडं शेती करणाऱ्या मुलग्यांना मुली मिळत नाहीत ही ओरड आहे, त्यामुळे शिकलेल्या मुलीला मागणी जोरात. एक वडील मला म्हणाले होते, "मॅडम, पोरगी हुशार हाय, मी न्हाई कुठं म्हंतोय? पण असलं स्थळ परत येत न्हाई. लगीन झाल्यावर शिकंल की." मी त्यांना भाषण दिलं नाही. मुलीला नेट परीक्षेतून मिळू शकणाऱ्या जे.आर.एफ.ची, म्हणजे संशोधनासाठीच्या फेलोशिपची, रक्कम सांगितली. 1 जानेवारी 2023 पासून ती महिन्याला 37 हजार आहे, दोन वर्षांनी 42 हजार, वर घरभाडं. ते क्षणभर गप्प राहिले आणि विचारलं, "म्हंजे शिकाय पैसं देत्यात?" लग्न सहा महिने पुढं गेलं. परीक्षा झाली. बापाला आकडा समजतो, आपण तो सांगत नाही.

म्हणून माहिती हे शिक्षकाच्या हातातलं सगळ्यात स्वस्त साधन समजा. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना या गोष्टी क्वचितच माहीत असतात: जे.आर.एफ.साठी बायकांना वयात पाच वर्षांची सूट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या बाईला दोन वर्षं जादा मुदत मिळते, शिवाय संपूर्ण काळात 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा. आयआयटीत 2018 पासून बी.टेक.ला मुलींसाठी अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांखेरीज जादा, जागा आहेत, हे त्यांच्या धाकट्या बहिणींच्या कामाचं. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, दोन महिने एखाद्या चांगल्या संस्थेत काम करायला मिळतं. तिथं आपल्याकडचे मुलगे अर्ज करतात, मुली करत नाहीत, कारण 'दोन महिने बंगळुरूला एकटी?' यावर माझा तोडगा साधा होता. एकीला कधीच सांगायचं नाही. दोघींना मिळून अर्ज करायला लावायचा, शक्यतो एकाच पट्ट्यातल्या गावांच्या. दोघींचे वडील एकमेकांना फोन करतात आणि निम्मं काम तिथंच होतं. दोघींपैकी एकीचीच निवड झाली तर? झालंय तसंही. तोवर तिच्या घरात विषय उघडा झालेला असतो, आणि उघडा झालेला विषय पुढं रेटता येतो.

नोकरीकडं गेलेल्या केमिस्ट्रीच्या मुलींची गत वेगळी. औषध कंपन्या कॅम्पसला येतात, मुलाखती होतात, मुलग्यांना प्रॉडक्शनला घेतात, मुलींना क्वालिटी कंट्रोलला नाही तर कागदपत्रांच्या विभागात. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 66 नं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली होती, सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच नाहीच. प्लांट तर तीन पाळ्यांत चालतो. पुढं राज्यांनी यात ढील दिली, नव्या कामगार संहितेत बाईच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीला परवानगी आहे. पण कंपन्यांच्या मनातली पाळी बदलायला वेळ लागतो. पुढं प्लांटचा मॅनेजर होतो तो प्रॉडक्शनमधून आलेला. बारा-पंधरा वर्षांनी एकाच बॅचचे दोघं भेटतात तेव्हा त्याच्या हाताखाली शंभर माणसं असतात आणि ती अजून एचपीएलसी या नमुने तपासायच्या यंत्रावर असते, किंवा घरी. मुलाखतीला जाणाऱ्या मुलींना सांगा, प्रॉडक्शन मागून घ्या, वाहतुकीची सोय विचारा, लेखी विचारा. मिळेलच असं नाही. पण मागितलंच नाही तर मुलींनाच ते नको असतं, असंच कंपनी धरून चालते.

संशोधनाला राहिलेल्या मुलीची अडचण आणखी बारीक. महागड्या उपकरणावर नंबर लागतो तो कधी संध्याकाळी सातचा, कधी रात्रीचा. हॉस्टेलचं गेट ठरल्या वेळी बंद. मुलगा रात्री अकराला सॅम्पल लावून सकाळी ग्राफ घेऊन येतो. मुलीचं तेच काम पुढच्या आठवड्यावर जातं. चार-पाच वर्षांत अशा कितीतरी आठवड्यांची बेरीज होते, आणि मग गाइड म्हणतो मुली हळू काम करतात. एका मार्गदर्शकानं दिवसाचे स्लॉट मुलींसाठी राखायला सुरुवात केली तेव्हा मुलग्यांनी कुरकुर केली. मला तो उपाय अर्धाच पटला होता. गेट उघडं ठेवून सोबत सुरक्षारक्षक देणं हे जास्त बरं. त्याला खर्च येतो, म्हणून ते होत नाही.

तुमच्या वर्गातल्या दहा-बारा मुलग्यांचं काय, हे राहिलंच. त्यांना मुलींविरुद्ध उभं करू नका. 'बघा मुली किती पुढं' हे वाक्य तोंडातून काढू नका, त्यानं एकही मुलगा पुढं आलेला मी बघितला नाही. भरतीची तयारी करणाऱ्याला सबमिशनची तारीख मैदानी चाचणीच्या तारखा बघून द्या. त्याला सांगा, भरती झाली नाही तर ही डिग्री उपयोगाची आहे, आणि झाली तरी पुढं बढतीच्या परीक्षांना पदवी उपयोगी पडते. एमआयडीसीत कामाला लागलेला असेल तर त्याच्या हाताला जे कळतं त्याचा वर्गात वापर करा. मायक्रोमीटर त्याच्या रोजच्या वापरातला, लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तो तुमच्यापेक्षा चांगलं समजावून सांगेल. असा एक मुलगा मी फळ्याशी उभा केला होता. त्या दिवसानंतर तो दांडी मारायचा बंद झाला नाही, पण प्रॅक्टिकलला यायला लागला.

शेवटचं एक काम, तेही तुम्हीच करू शकाल, कारण विद्यापीठ ते करणार नाही. तुमच्या कॉलेजच्या गेल्या पाच वर्षांच्या प्रवेशयाद्या काढा. पहिल्या वर्षाला कोण आलं, तिसऱ्याला कोण उरलं, त्यातलं कोण एम.एस्सी.ला गेलं, आणि आज काय करतंय, एवढे चार रकाने. गाव लहान आहे, फोन केले की कळतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा नंबर तिच्या मैत्रिणीकडे असतोच. ही यादी घेऊन जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलावर बसा. आई-बाप समोर येतील तेव्हा त्यांच्याच तालुक्यातल्या चार मुला-मुलींचं काय झालं ते सांगता येईल. फोन करताना आणखी एक विचारून ठेवा, परत शिकायचं आहे का. नेटच्या फॉर्मची तारीख माहीत नसलेल्या मुली त्यात हमखास निघतात.